टायपिंगच्या बाईंचा प्रोग्राम

बाई माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. नवीन कुणी वर्गात नाव घालायला आलं की त्यांची नजर थेट हातांवर जायची. "दाखव बोटं," म्हणायच्या. बोटं उलटसुलट करून बघायच्या, करंगळी ओढून बघायच्या, आणि मग नाव विचारायच्या. बैलबाजारात दात बघतात तसा तो प्रकार होता. माझीही बोटं त्यांनी अशीच बघितली, आणि मी तर शिकायला नव्हे, शिकवायला गेले होते. मांडवगण फराट्याची मी, लग्न होऊन दौंडला आलेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. काम विचारायला त्यांच्या दारात उभी राहिले. बाईंनी माझी करंगळी ओढली आणि म्हणाल्या, "आळशी आहे. पण वळण लावता येईल." हे माझ्या करंगळीबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मी त्यांना पुढं कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, तीच तर भीती होती.

त्यांचा क्लास दौंड स्टेशनच्या अलीकडच्या एका बोळात होता. पुढच्या खोलीत टाइपरायटरांची रांग, मागच्या खोलीत बाईंचा एकटीचा संसार. वडील रेल्वेत गँगमन होते, ते गेले. धाकटा भाऊ कारेगावला एका कारखान्यात लागला आणि तिकडंच घर करून राहिला. बाईंनी लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मशीनं एवढी, त्यात अजून एक कुठं ठेवू?" सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की त्या एकेका मशीनवरचं फडकं काढायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. इंग्रजीचे वर्ग त्या घ्यायच्या, मराठीचे मी. मधल्या वेळात तहसील कचेरीत लागणारी प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाइप करून द्यायचं काम चाले. त्यावरच खरं घर चालायचं.

त्या मागच्या खोलीत चहा करत असल्या तरी त्यांचे कान पुढच्या खोलीत असत. "तीन नंबरवर कोण आहे? अनामिका दमलीय त्याची!" असं आतून ओरडायच्या. शिकणाऱ्यांच्या हातांवर त्या टेबलक्लॉथचा तुकडा पांघरायच्या, म्हणजे कुणी चोरून कळा बघू नयेत. एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाचा तर त्यांना मनापासून राग. "कोंबडी दाणे टिपतेय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बँकेत असा एक साहेब त्यांना दिसला तेव्हा बाईंनी काउंटरच्या जाळीतून हे वाक्य त्यालाही ऐकवलं, आणि मग आमचं पासबुक भरून मिळायला बराच वेळ लागला.

अशा बाईंची बोटं जायला लागली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आधी सकाळी सकाळी आखडायची, मग दुपारपर्यंत आखडलेली राहायची, मग सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे दिसायला लागले. त्या गरम पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, टायपिंग बंद करा. बाई मला म्हणाल्या, "मासोळीला सांगतोय, पाणी जरा कमी कर." पण रात्रभर ठणकायचं हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं. मला फार वाईट वाटायचं. बोलून दाखवायची सोय नव्हती.

भाऊ दर गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी यायचा. भला माणूस. बहिणीसाठी औषधं आणायचा, गवार आणायचा, नि एकच विषय काढायचा. "ताई, पुरं झालं आता. कारेगावला चल. दोन खोल्या हायेत, पोरं हायेत, तुला कोन काय म्हननार हाय का? हात चालत न्हाईत आन् कशापायी जिवाला तरास करून घेतीस?"

"मी तिथं काय करू?"

"काय करू म्हंजी? बस. टीव्ही बघ."

हे 'बस, टीव्ही बघ' बाईंच्या काळजात रुतलं. त्याच वर्षी त्यांनी पुण्याहून जोडून घेतलेला कॉम्प्युटर घरी आणला.

तो पुढच्या खोलीत नव्हे, मागं, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी ठेवला. वर्गातल्या मुलांनी बाईंना शिकताना बघू नये म्हणून. वर क्रोशाचं कव्हर. नव्वदचं दशक संपायला आलं होतं, दौंडमध्ये घरात कॉम्प्युटर असलेली माणसं फार नव्हती, आणि ज्यांच्याकडे होता ती त्यावर पत्ते खेळायची. बाई त्याच्याशी बोलायच्या, तेही अहो-जाहो करून. "थांबा जरा, घाई करू नका." बंद करताना "येते हं," म्हणायच्या.

टाइपरायटरची सवय अंगात इतकी मुरलेली की ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा, कॅरेज ढकलायला. कॉम्प्युटरला कॅरेज कुठली? हात जाऊन मांडणीवरच्या तिखटाच्या डब्यावर आपटायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा डबा सांडला, आम्ही दोघी शिंकून शिंकून बेजार. तिखटाची जागा बदलण्याऐवजी बाईंनी तिथं हळद ठेवली. "हात काय लगेच ऐकणार नाही," म्हणाल्या, "तोवर डोळे तरी वाचतील."

आणि शनिवार आला. शनिवारी सगळ्या मशीनांना तेलपाणी करायचं, हा क्लासचा नियम. बाईंनी शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेतली, ब्रश घेतला, आणि पुढच्या खोलीतली मशीनं संपवून आत गेल्या. कॉम्प्युटरच्या कीबोर्डलाही त्यांनी प्रेमानं, कळ न् कळ उचलून, तेल दिलं. सोमवारी एक अक्षर उमटेना. पुण्याचा दुरुस्तीवाला आला, कीबोर्ड उलटा केला, तर तेलाचे थेंब टपकले. त्यानं तोंडावर हात धरून हसू दाबलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मग ह्याला वंगण कोण देतं?" तो म्हणाला, "कोणीच नाही." बाईंचा त्या दिवशी कॉम्प्युटरवरचा विश्वास थोडा उडाला. ज्याला तेल लागत नाही ते यंत्र टिकेल कसं, असं त्यांचं म्हणणं.

नवा कीबोर्ड आला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी स्क्रू ड्रायव्हर घालून त्याची बॅकस्पेसची कळ उपटून काढली. खोडायची सोय असली की बोटं बेफिकीर होतात, हे त्यांचं तत्त्व. स्टॅम्प पेपरवर चूक झाली तर तो कागद गेला, अशा शिस्तीत आयुष्य काढलेली बाई ती.

प्रोग्राम लिहायचा नाद त्यांना लागला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. सीडीत प्रोग्रामिंगच्या दोन भाषा होत्या आणि त्यांची लांबलचक इंग्रजी माहिती. बाईंचं इंग्रजी अजब होतं. हजारो इंग्रजी पत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली, स्पेलिंग एक चुकायचं नाही, अर्थ मात्र निम्म्याचाच माहीत. त्यांची शिकायची पद्धतही तशीच. पडद्यावर एक पान उघडायचं, टाइपरायटर आत आणून शेजारी ठेवायचा आणि ते पान परीक्षेचा उतारा असल्यासारखं टाइप करून काढायचं. बोटं बरी असतील तेव्हाच, थोडं थोडं. "हाताखालून गेलं की कळतं," म्हणायच्या. खाली कार्बन लावलेला असायचा. दुसरी प्रत मला. मला नको होती. पण बाईंनी दिलेली कार्बन कॉपी नको म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि भाषा त्यांनी निवडली ती टाइपिस्टसारखीच. पहिलीत डॉलर, महिरपी कंस आणि कसकसली चिन्हं ओळीओळीला. "ह्यातली निम्मी चिन्हं माझ्या मशीनवरच नाहीत," म्हणून ती भाषा नापास. दुसरीचं नाव पायथन. तिच्यात कंसांचा पसारा कमी होता, आणि कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात येते हे समास सोडून दाखवायचं असे. समास चुकला की प्रोग्राम चालतच नाही. हे वाचून बाई उठून उभ्या राहिल्या. "अगं, ह्याला समास कळतो!" असा आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी फक्त निकालाच्या दिवशी बघितला होता. तालुक्यातल्या सगळ्या मुलांना समास, टॅब आणि ओळीचं अंतर समजावून घसा कोरडा झालेला, आणि आता हे कोण कुठलं यंत्र आपणहून समास मागत होतं.

पायथन म्हणजे अजगर, हे मी कुठूनतरी वाचून त्यांना सांगितलं. "असू दे," म्हणाल्या, "शिस्तीचा आहे." तेव्हापासून आमच्यात अजगर हाच शब्द रुळला. बोळातल्या शेजारणीनं एकदा भिंतीपलीकडून ऐकलं की बाईंचा अजगर आज सकाळपासून रुसलाय. नंतर आठवडाभर तिनं पोरांना इकडं फिरकू दिलं नाही.

चूक झाली की काळ्या पडद्यावर इंग्रजीत निरोप यायचा, अमुक ओळीत चूक. आपण असतो तर वैतागलो असतो. बाईंना तो निरोप फार आवडायचा. "हा परीक्षक बरा आहे. माझे परीक्षक नुसती लाल रेघ मारायचे. हा ओळ दाखवतो."

आता एवढं सगळं कशासाठी? तर प्रतिज्ञापत्रात नव्वद टक्के मजकूर तोच तो असतो. 'मी खाली सही करणार... प्रतिज्ञेवर लिहून देतो की...' नाव, वय, धंदा, राहणार एवढंच काय ते बदलतं. पूर्वी त्या सगळा कागद दहा बोटांनी वाजवायच्या. आता बोटांत तेवढा दम नव्हता. म्हणून त्यांनी असा प्रोग्राम लिहायला घेतला की यंत्रानं एकेक प्रश्न विचारावा, आपण उत्तर द्यावं, आणि बाकी कागद त्यानं भरावा. प्रश्न इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, आणि अदबीनं. 'आपलं नाव?' 'आपलं वय?' 'धंदा?' 'राहणार?' शेवटी 'धन्यवाद. बसा, कागद येतोय.' प्रत्येक उत्तरानंतर यंत्र 'बरोबर?' विचारी, नाही म्हटलं तर पुन्हा तोच प्रश्न, बरोबर येईपर्यंत. हे त्यांना पहिल्यांदा जमलं त्या दिवशी त्यांनी शिरा केला. "मी तरी दुसरं काय केलं ग आयुष्यभर?" म्हणाल्या. "बरोबर येईपर्यंत परत विचारलं."

यात एक गंमत होती. त्या काळ्या पडद्यावर मराठी दिसत नसे. मराठी टाइप केलं तरी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटायची. पुढं कागद छापताना मराठी फाँट लागला की त्याच खिचडीचं मराठी व्हायचं. बाईंचं काही अडलं नाही, त्या कुठं बघून टाइप करत होत्या? पण बघता बघता त्यांना ती खिचडी वाचताही यायला लागली, आपण पाटी वाचतो तशी. टाइप मलाही करता यायचं. वाचणं मात्र मला मेलं कधीच जमलं नाही.

प्रोग्रामचा पहिला दणका बसला कासुर्डीच्या आप्पांना. मेंढरं विकून शेती धरलेले म्हातारे गृहस्थ, डोक्याला लाल फेटा, मुलीला घेऊन तिच्या प्रतिज्ञापत्रासाठी आले होते. कागद छापून हातात आला. मुलीनं वाचला आणि तिचा चेहराच उतरला. बाईंनी प्रोग्राम बेतला होता वारसांच्या प्रतिज्ञापत्रावरून, त्यात वडील वारलेलेच असतात. त्यामुळे यंत्रानं आप्पांच्या नावाआधी न विचारता 'कै.' लावून टाकलं होतं.

"बाई," आप्पा शांतपणे म्हणाले, "मी हितं हुबा हाय न्हवं?"

बाईंना आधी कळेना. मग कळलं आणि त्या खुर्चीतच बसल्या. आप्पाच त्यांची समजूत घालायला लागले. "आसूंद्या वो. घरी बी मला कोन जित्यात धरतंय?"

त्या संध्याकाळी प्रोग्राममध्ये नवा प्रश्न आला: 'वडील हयात आहेत का?' नाही म्हटलं तर पुढं अजून एक: नावाआधी काय लावायचं, कै., कालकथित की मरहूम? "माझ्या वडिलांच्या नावाआधी कालकथित सोडून कुणी कै. लावलं तर मला चालेल का?" बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्याला मी न विचारता कसं लावू?"

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला बाईंची बोटं पार मिटली. भाऊ आला तेव्हा त्यानं बघितलं, बहीण चहाचा कप दोन मनगटांत धरून पितेय. त्यानं आणलेली औषधं ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "ताई, फुडच्या गुरवारी टेंपो घिऊन येतो. आता माझं ऐकायचं."

बाई म्हणाल्या, "आण टेंपो. तुझ्यासमोर एक कागद पुरा झाला नाही तर मी मुकाट्यानं बसते. झाला तर रिकामा घेऊन जायचा."

"बोली?"

"बोली."

तो गेल्यावर त्यांनी मला डॉक्टरी चिकटपट्टी आणायला सांगितली. तिचे बारीक तुकडे करून प्रत्येकावर मराठी अक्षर लिहायचं आणि कीबोर्डच्या कळांवर चिकटवायचं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या बाईंनी जन्मभर लोकांच्या हातांवर फडकी पांघरली, त्या कळांवर अक्षरं लावायला सांगत होत्या. "बघतेस काय? क लाव," म्हणाल्या. आवाज ठीक होता. पण मी चिकटवत होते तोवर त्या पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या.

गुरुवारी कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आला. दाखल्यांचे दिवस, बाकावर माणसं दाटीनं बसलेली. बोळाच्या तोंडाशी टेंपो उभा. भाऊ दाराला टेकून हाताची घडी घालून. कीबोर्डसमोर आप्पा, या खेपेला नातीला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. बाई शेजारच्या खुर्चीत, हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलेले. आप्पा एका बोटानं एकेक कळ शोधत, दाबत, पुन्हा शोधत. बाई प्रश्न सांगत होत्या, उत्तराची पडद्यावरची खिचडी वाचत होत्या. "काना राहिला, आप्पा. नाही म्हणा, पुन्हा विचारेल तो, घाबरू नका. हां. आता बरोबर." कोंबडीचं त्यांनी नावही काढलं नाही.

प्रिंटर कर्कश आवाज करत चालला आणि कागद बाहेर आला. आप्पांनी आधी स्वतःचं नाव तपासलं. जिवंत होते.

भाऊ पुढं आला. कागद बघितला. "ताई, बोली कागदाची हुती खरी. पर ह्यो तू कुठं केलास? ह्यो तर आप्पांनी केला. मशीननं केला. मंग तुझं काय काम हितं?"

बाकावरची माणसं बाईंकडे बघायला लागली. बाई टॉवेलातल्या हातांकडे बघत राहिल्या.

"आवो पाव्हणं," आप्पा खुर्चीतून उठत म्हणाले, "मी केला म्हंता, तर बसा की तुमी. बसा हितं. मला तर त्यात निस्त्या मुंग्या दिसत हुत्या."

भाऊ बसला. बहिणीकडं न बघता. त्यानं दिवसभर लोखंड उचलणारं जाड बोट कळांवर ठेवलं. 'आपलं नाव?' त्यानं टाइप केलं. पडद्यावर खिचडी. तो त्या खिचडीकडे बघत राहिला, बरोबर आहे की चूक, त्याला काय कळणार.

"माझं नाव कशाला टाकलंस?" बाई म्हणाल्या.

"आसूंदे. बरुबर हाय का?"

"बरोबर आहे."

'वडील हयात आहेत का?' त्यानं नाही म्हटलं, कालकथित निवडलं, वडिलांचं नाव घातलं. बाईंनी ते हळू वाचून दाखवलं. वय घातलं. 'धंदा?' इथं त्यानं बराच वेळ अक्षरं शोधली.

"टायपिस्ट," बाईंनी वाचलं.

मग प्रश्न आला, 'राहणार?'

भावाचं बोट तसंच वर राहिलं. बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. बाकावरची माणसं पडद्याकडे बघत होती, ज्यावर त्यांना काहीच वाचता येणार नव्हतं. बाई मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. टॉवेलातले हात त्यांनी पोटाशी आवळून धरले होते. भावानं एक कळ दाबली. शोधून दुसरी. मग तिसरी. मग थांबून डोळे पुसले आणि चौथी.

"दौंड," बाईंनी वाचलं.

भाऊ खाली मान घालून बसला होता.

"आता एंटर दाब," बाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."